प्रमाण काय?

मडकं विकत घेताना आपण काय करतो? आधी ते हातावर तोलतो, आत डोकावून पाहतो आणि मग बोटाच्या पेरानं टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. कुंभारदादा कितीही म्हणोत, “घ्या ताई, पक्कं भाजलंय,” आपण त्यांच्या शब्दावर जात नाही. मडक्यालाच विचारतो. बद्द आवाज म्हणजे कुठंतरी केसाएवढी चीर, हे आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नसतं. आईला वाजवताना पाहिलेलं असतं, तेवढंच.

इंजिनिअरिंगच्या मुलांना हेच एका जाड पुस्तकातून शिकावं लागतं. विषयाचं नाव ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’, म्हणजे दगड, लोखंड, लाकूड, माती अशा वस्तूंची ताकद. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर पाया तपासतात, तेव्हा विचारतात ते प्रश्न अगदी साधे असतात. वस्तूवर भार आला की तिच्या आत काय होतं? भार काढला की ती पहिल्यासारखी होते का, आणि किती भारापर्यंत? ती आधी वाकते की एकदम तुटते? तोच भार पुन्हा पुन्हा आला तर काय होतं? आणि शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिला हवा: हे तुला कशावरून माहीत?

हा शेवटचा प्रश्न आपल्याला, जैन घरात वाढलेल्या बायकांना, नवा नाही. आपल्या न्यायशास्त्रात त्याला एकच शब्द आहे, ‘प्रमाण’. ‘अमुक असं आहे’ असं कुणी म्हटलं की आपल्या आचार्यांचा पहिला सवाल असायचा, प्रमाण काय? प्रवचनात हा शब्द आपण कितीदा तरी ऐकतो. पण तो हातात घेऊन घराबाहेर पडत नाही. मी तो घेऊन आदिलाबाद जिल्ह्यात हिंडायचं ठरवलं. कारण या एका जिल्ह्यात दगड, पोलाद आणि माती या तिन्हींच्या ताकदीची परीक्षा झालेली आहे, आणि तिन्ही निकाल इतिहासात नोंदलेले आहेत.

मी म्हणते तो जुना, अखंड आदिलाबाद जिल्हा. २०१६ मध्ये त्याचे चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मळ, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. त्याच्याही आधी, १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत, किनवट आणि राजुरा हे त्याचे तालुके आपल्याकडे आले. पैनगंगा ओलांडली की पाटीवरची लिपी बदलते, पण बाजारातल्या बायकांच्या बोलण्यात मराठी असतेच. म्हणून हा प्रदेश मला कधी परका वाटला नाही.

पहिला मुक्काम जैनद. आदिलाबाद शहरापासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. नुसतं नाव ऐकलं तरी आपल्यापैकी कुणाचाही ऊर भरून येईल. तेलंगणात आपल्या धर्माच्या खुणा काही थोड्या नाहीत. कुलपाकजी आहे, बोधन आहे. बोधन म्हणजेच पौदनपूर, बाहुबलींची राजधानी, असं परंपरा मानते. तेव्हा जैनद म्हणजे आपलंच, असं गृहीत धरायला किती वेळ लागणार? तिथलं जुनं मंदिर जैन पद्धतीनं बांधलेलं आहे आणि गावाला नाव त्यावरूनच पडलं, असं छापलेलंही सापडतं.

पण दगडाला विचारलं तर तो वेगळं सांगतो. तिथला शिलालेख परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळचा आहे, म्हणजे अकरावं शतक संपतानाचा किंवा बारावं लागतानाचा. जगद्देवाच्या पदरी असलेल्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिनं निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ बांधलं, अशी त्यात नोंद आहे. आज गाभाऱ्यात लक्ष्मीनारायण आहेत. एवढ्या पुराव्यात आपले तीर्थंकर कुठंच नाहीत. जैन म्हणून मी खट्टू झाले, हे लपवत नाही. पण बाई म्हणून काय मिळालं बघा. नऊशे वर्षांपूर्वी एका बाईनं देऊळ बांधलं आणि तिचं नाव दगडावर राहिलं. ऐकीव नावावर विसंबून राहिले असते तर ही पद्मावती मला भेटलीच नसती.

आता देवळाच्या मंडपात उभ्या राहा आणि वर पाहा. अशा सगळ्या जुन्या देवळांत खांब जवळजवळ असतात. दोन खांबांवर आडवी शिळा, तिच्याखाली खांबाच्या माथ्याला पुढं आलेले हात. हे नक्षीसाठी नाही, हिशेबासाठी आहे. आडव्या शिळेवर वरून भार आला की ती अगदी सूतभर का होईना, खाली वाकते. तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ओढली जाते. पोळपाटावर ओल्या कणकेची वळकटी दोन बोटांवर धरून पाहा. मधे लोंबते आणि खालच्या अंगाला फाटते. वरच्या अंगाला कधीच नाही. दगड दाब सोसण्यात पहिलवान, पण ओढ सोसण्यात फार दुबळा. दाब तो जितका सोसतो त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी ओढही त्याला जेमतेम सोसते. म्हणून जुने स्थपती दोन खांबांतलं अंतर वाढू देत नसत आणि ते हात पुढं काढून उघडी शिळा आणखी आखूड करत.

युरोपात या आडव्या तुळईचा हिशेब कागदावर मांडायचा पहिला मोठा प्रयत्न गॅलिलिओनं केला. त्याचं पुस्तक १६३८ मध्ये निघालं. त्यात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगलेलं चित्र आहे. गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचाही हिशेब पूर्ण बरोबर नव्हता. तुळईची एक बाजू दाबली जाते हे त्यानं धरलंच नव्हतं. सगळी ओढच आहे असं मानलं होतं. ते पुढच्यांनी दुरुस्त केलं. पद्मावतीच्या देवळाच्या गवंड्यांना सूत्र ठाऊक नव्हतं. पण कुठली बाजू फाटते ते ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर छत अजून उभं आहे.

दुसरा मुक्काम गोदावरीच्या काठचा. उत्तरेला निर्मळ. तिथली लाकडी खेळणी आपल्या कपाटांत असतात. पण निर्मळचा भाग एके काळी पोलादासाठी दूरवर ओळखला जाई. इथल्या दिमदुर्तीसारख्या गावांचं लोखंड नदीपलीकडे, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला जायचं आणि तिथं त्याचं पोलाद व्हायचं. तेलुगू आणि कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्याचंच इंग्रजांच्या लिखाणात ‘वुट्झ’ झालं, असं मानतात. दमास्कसच्या म्हणून ज्या पाणीदार तलवारी जगभर गाजल्या, त्यांचं पोलाद दक्षिण भारतातून जाई, आणि कोनासमुद्रम हे त्यातलं एक महत्त्वाचं ठिकाण.

हे पोलाद काय असतं ते समजायला आपलं स्वयंपाकघर पुरे. आपल्याकडे दोन तवे असतात. बिडाचा तवा हातातून सटकला तर फरशीवर त्याचे दोन तुकडे होतात. साधा लोखंडी तवा पडला तर फार तर वाकतो, पोचा येतो. फरक कशाचा? आत मिसळलेल्या कार्बनचा, म्हणजे कोळशातल्या मुख्य पदार्थाचा. बिडात तो शंभरात तीन-चार भाग असतो, तव्याच्या लोखंडात नावापुरता. कार्बन वाढला की लोखंड कठीण होतं, पण ठिसूळही होतं. ‘कठीण’ आणि ‘चिवट’ हे दोन वेगळे गुण आहेत, आणि परीक्षेत मुलं इथंच घसरतात. वाळलेला पापड कठीण, ओला पापड चिवट. उक्कु या दोन तव्यांच्या मधला. त्यात कार्बन साधारण दीड टक्का. एवढ्यावर धार टिकते, आणि नीट घडवलं तर पातं मोडतही नाही.

ते करण्याची रीत हेन्री व्हॉइसी नावाच्या इंग्रज डॉक्टरानं लिहून ठेवली आहे. देशाच्या मोजणीच्या मोठ्या मोहिमेत तो डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ म्हणून काम करत होता. १८२४ मध्ये तो वारला आणि त्याचं टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरलेल्या मापानं मातीच्या मुशीत भरायचं, मूस बंद करायची, भट्टीत रात्रंदिवस भाता मारायचा. मग निघालेली पोलादाची वडी पुन्हा पुन्हा तापवून सावकाश निवू द्यायची, म्हणजे तिचा ताठरपणा उतरतो.

त्याच टिपणात एक माणूस भेटतो, आणि माझ्या मते या विषयाचा तोच खरा परीक्षक. इस्फहानचा हाजी हुसेन. एवढ्या लांबून इराणातून पोलाद घ्यायला कोनासमुद्रमला आलेला, आधीही एकदा येऊन गेलेला. तो कारागिरांच्या सांगण्यावर विसंबत नव्हता. भट्टीपाशी स्वतः बसायचा, लोखंडाची वजनं स्वतः पाहायचा आणि तयार धातूचा चिवटपणा स्वतःच्या हातानं तपासायचा. मला तर तो मडकं वाजवणाऱ्या आपल्या आजीसारखाच वाटला. पैसे मोजणारा माणूस कौतुकावर जात नाही, प्रमाण मागतो.

इथं माझ्यातली जैन बाई अडखळते, हेही सांगते. श्रावकानं करू नयेत अशा पंधरा धंद्यांच्या यादीत, कर्मादानांत, अंगारकर्म आणि वनकर्म अगदी सुरुवातीला येतात. कोळशासाठी जंगल तोडणं आणि भट्टी पेटवणं या दोन्हींशिवाय उक्कु होत नाही, आणि शेवटी त्याची तलवार होते. त्याच निजामाबाद जिल्ह्यातल्या बोधनला परंपरेनं पौदनपूर मानायचं, म्हणजे जिथं भरत आणि बाहुबलींनी सैन्याचं रक्त न सांडता, दृष्टी, जल आणि मल्ल अशा तीन युद्धांत ताकद अजमावली, ती भूमी. तलवारीचं गुणगान माझ्यानं व्हायचं नाही. पण ज्या हातांनी हे पोलाद केलं त्यांच्या ज्ञानाला नमस्कार केल्याशिवाय पुढंही जाववत नाही. शिवाय त्याच पोलादाचा शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे करण्यासाठी विचार झाला, तो लंडनमध्ये.

मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाच्या वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध सोसायटीपुढे वाचला. जेम्स स्टोडार्ट हे हत्यारं घडवणारे कारागीर; त्यांना हे पोलाद बारीक धारेसाठी फारच उत्तम वाटलं. पण ते घडवताना तिथले लोहार टेकीला येत. कारण ते त्यांच्या सवयीप्रमाणे लोखंड पांढरं होईपर्यंत तापवत, आणि उक्कु तसं तापवून ठोकलं की भुगा होतं. ते मंद लाल असतानाच घडवावं लागतं. आपल्याकडच्या निरक्षर लोहाराला ठाऊक असलेली गोष्ट लंडनच्या नामवंतांना माहीत नव्हती. पायाभूत ज्ञानाच्या परीक्षेत नापास कोण झालं, ते ठरवा.

मग मायकेल फॅरडे आला. वीज आणि चुंबकासाठी आपण त्याला ओळखतो, पण तो लोहाराचा मुलगा. १८१९ मध्ये त्यानं या पोलादाचं पृथक्करण केलं आणि त्याचं रहस्य इतर द्रव्यांच्या भेसळीत आहे असा अंदाज बांधला. तो अंदाज चुकला. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँनं थोड्याच वर्षांत दाखवलं, की मुख्य गोष्ट कार्बन. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी का उमटते, यात व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अगदी लेशमात्र अंशाचा हात असतो, हे तर विसाव्या शतकाच्या शेवटी कळलं.

तोवर कोनासमुद्रमच्या भट्ट्या विझून किती तरी पिढ्या झाल्या होत्या. विलायती लोखंड स्वस्त आलं, जंगलं सरकारी झाली, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. आज त्या भागात शेतांच्या कडेला धातुमळीचे काळे ढेकूळ सापडतात. अभ्यासक ते उचलून प्रयोगशाळेत नेतात आणि त्या वेळी काय होत होतं त्याचा अंदाज बांधतात. भात्यावर बसणाऱ्या बायका असतील, मुशीची माती मळणाऱ्या असतील. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कुठं लिहिलं नाही. हातातलं ज्ञान हात थांबले की संपतं. पाककृतींच्या वह्या लिहून ठेवणाऱ्या आपल्या आज्या त्या मानानं शहाण्या.

तिकडे युरोपात मात्र मोजायचं खूळ वाढत गेलं, आणि ते फार उपयोगी पडलं. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये स्प्रिंगवरून सांगितलं, की जितका भार तितकी ताण. दुप्पट भार, दुप्पट ताण. आणि भार काढला की वस्तू पहिल्यासारखी. पण हे एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की वस्तू ताणलेलीच राहते. परकराच्या जुन्या इलॅस्टिकचं होतं, तेच. १८७४ मध्ये डेव्हिड किर्कल्डी यानं लंडनच्या साउथवर्कमध्ये वस्तू मोडून पाहण्याचा कारखानाच थाटला. कुणीही लोखंड, साखळी, दोर आणावा. हा यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढणार आणि आकडा लिहून देणार. दारावर त्यानं कोरून घेतलं होतं, की इथं मतं चालत नाहीत, वस्तुस्थिती चालते. आपल्या आचार्यांना हा माणूस आवडला असता. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात रेल्वेगाडीसकट कोसळला आणि गाडीतलं कुणीही वाचलं नाही. तेव्हा पुलाचे तुकडे तपासायला किर्कल्डीकडेच आले. पुलाच्या खांबांना आडवे गज बांधलेले होते ते बिडाच्या कानांना. ते कान धरून चाललेल्या ताकदीपेक्षा खूपच आधी तुटत होते. बीड ओढ सोसत नाही. बिडाच्या तव्याचा तोच धडा, पण केवढी किंमत देऊन.

तिसरा मुक्काम कडम. निर्मळच्या पूर्वेला, गोदावरीला मिळणाऱ्या कडम नदीवर हे धरण आहे. काही भाग दगडी बांधकामाचा, काही मातीचा. उंची साधारण ३१ मीटर. १९५८ च्या ऑगस्टमध्ये नदीला असा पूर आला, की धरणाच्या माथ्यावरून ४६ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट पाणी वाहिलं. पाण्याची पातळी आणि धरणाचा माथा यांत २.४ मीटर मोकळी जागा ठेवलेली होती. ती सगळी बुडून वर दीड फूट. डाव्या बाजूचा मातीचा भाग १३७ मीटर लांबीत वाहून गेला, उजवीकडेही दोन भगदाडं पडली.

मातीचं धरण पाण्याच्या रेट्याला घाबरत नाही. स्वतःच्या वजनानं ते तो रेटा थोपवतं. पण माथ्यावरून पाणी वाहू लागलं की संपलं. सारवलेल्या अंगणात पागोळ्या पडतात तिथं कशी रांगेनं खळगी होतात, आठवा. एकेक कण सुटतो, मग ओघळ, मग घळ. तेव्हा चूक मातीची नव्हती. किती पाणी येईल याचा अंदाज, आणि ते जायला ठेवलेली वाट, या दोन्ही गोष्टी नदीपुढं कमी पडल्या. पुढं दुरुस्तीत दरवाजे वाढवले गेले. आज अठरा आहेत. तरी १९९५ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. २०२२ च्या जुलैत सोडता येईल त्या साधारण साडेतीन लाख क्युसेकपेक्षा कितीतरी जास्त पाणी आत येत होतं. अठरापैकी एक दरवाजा उघडेना. खालची गावं रात्रीतून रिकामी केली. धरण तगलं. पुढच्याच वर्षी पुन्हा काही दरवाजे अडकले. दरवाजाची ताकद नुसत्या लोखंडात नसते. वंगणात, दोरात, मोटारीत आणि दर उन्हाळ्यात ते उघडून पाहणाऱ्या माणसातही असते.

अशा वेळी लोक म्हणतात, दैवी आपत्ती, कुणाच्या हातात काय होतं? यावर उपासकदशांग सूत्रातली सद्दालपुत्त कुंभाराची कथा आठवते. पोलासपूरचा मोठा व्यापारी, मडक्यांची पाचशे दुकानं. तो नियतीवादी आजीविकांचा अनुयायी, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं असं मानणारा. भगवान महावीर त्याला वाळत घातलेली मडकी दाखवून विचारतात, ही प्रयत्नानं झाली की आपोआप? तो म्हणतो, आपोआप, नियतीनं. मग भगवान विचारतात, कुणी तुझी मडकी फोडली, तुझ्या बायकोच्या, अग्निमित्रेच्या अंगावर हात टाकला, तर काय करशील? तो चटकन म्हणतो, शिक्षा करीन. म्हणजे जबाबदार कुणीतरी असतो, हे त्यानंच कबूल केलं. धरणाच्या बाबतीतही पाऊस आपल्या हाती नाही, हिशेब आणि दरवाजा आपल्या हाती आहेत.

दगड झाला, पोलाद झालं, माती झाली. चौथी वस्तू तुमच्या-माझ्या आत आहे. हाड.

आपल्या कर्मग्रंथांत हाडांच्या ताकदीची चक्क प्रतवारी आहे. तिला ‘संहनन’ म्हणतात. पाठशाळेत आपण ती सहा नावं घोकली आहेत: वज्रऋषभनाराच, ऋषभनाराच, नाराच, अर्धनाराच, कीलिका आणि सेवार्त. पण घोकताना अर्थाकडे कुणी पाहिलं? नाराच म्हणजे दोन हाडं एकमेकांत दोन्ही बाजूंनी अडकलेली. ऋषभ म्हणजे त्यावर गुंडाळलेला पट्टा. वज्र म्हणजे सगळ्यांतून आरपार ठोकलेली खुंटी. पुढं एकेक बंध कमी होत जातो, आणि शेवटच्या प्रकारात हाडांची टोकं एकमेकांना नुसती टेकलेली असतात. सुताराला दाखवा, तो लगेच म्हणेल, हे तर सांध्यांचे प्रकार. वस्तूची ताकद जोडावर ठरते, हे ज्यांनी लिहिलं त्यांना नक्की कळत होतं.

याच प्रतवारीवरून पुढं एक मोठा वाद झाला. दिगंबर परंपरेत सांगितलं गेलं, की कर्मभूमीतल्या स्त्रियांना शेवटची तीनच संहननं असतात; पहिलं, सर्वांत बळकट संहनन नसल्यामुळे त्या देहानं मोक्ष नाही. श्वेतांबर मानत नाहीत; त्यांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती. नवव्या शतकात यापनीय संघाच्या शाकटायन आचार्यांनी या विषयावर ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा हाच, की मोक्षाचं कारण रत्नत्रय. ते स्त्रीत असू शकत नाही, याला प्रमाण काय? हा वाद मी सोडवू शकत नाही, तो माझा अधिकारही नाही. दोन्ही बाजूंना माझा आदर आहे. एवढंच मनात येतं, की शतकानुशतकं बायकांच्या ताकदीवर एवढं लिहिलं गेलं, आणि त्या सगळ्यात बाईला विचारणारे, ‘प्रमाण काय’ म्हणणारे, किती थोडे.

घरातही तसंच. ‘बाई म्हणजे सोशीक’ हे आपलं कौतुक. कुठल्याही वस्तूबद्दल इंजिनिअर असं बोलणार नाही. तो विचारेल, किती भार, किती वेळ, आणि किती वेळा? एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस वरवर धडधाकट दिसत असताना अचानक तुटू लागले. जर्मनीत ऑगस्ट व्होलरनं वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका वेळी सहज पेलवणारा भार लाखो वेळा आला-गेला तर त्याच्यापेक्षा खूप कमी भारालाही लोखंड तुटतं. या गुणाला इंजिनिअर ‘थकवा’ म्हणतात. नाव अगदी आपलंच. लोखंडालाही थकवा येतो हे मान्य करायला शास्त्रज्ञांना दोन दशकं प्रयोग करावे लागले. आपल्याबाबत मात्र तो प्रयोगही होत नाही, नुसतं कौतुक होतं.

म्हणून हाडाकडे परत येते. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये कार्ल कुलमान नावाचा इंजिनिअर शरीरशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी काढलेलं मांडीच्या हाडाच्या छेदाचं चित्र पाहत होता. खुब्यातल्या जाळीच्या रेषा पाहून तो चकित झाला. त्यानं वजन उचलायच्या क्रेनच्या कमानीत दाबाच्या आणि ओढीच्या रेषा काढल्या होत्या, अगदी तशाच त्या होत्या. निसर्गानं जिथं भार येतो तिथंच जाळी घातली आहे. पुढं जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी सांगितलं, की हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं: भार आला तर दाट होतं, बसून राहिलं तर विरळ होतं. दगड आणि पोलाद हे करू शकत नाहीत. हाड जिवंत आहे.

आणि तेच हाड पाळी थांबल्यावर आपल्यात झपाट्यानं विरळ होतं. आतली जाळी तुटत जाते, चिवट होतं ते ठिसूळ होतं. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही. मग उपाश्रयाच्या किंवा मंदिराच्या पायरीवर एखादी मावशी घसरते आणि खुबा मोडतो. आपण म्हणतो, “पडल्या म्हणून मोडला.” बऱ्याचदा हाड आधीच मोडायला आलेलं असतं. पडणं हे निमित्त. वर्षीतप, अठ्ठाई, आयंबिल करणाऱ्या, एकाशन कधी न चुकवणाऱ्या आपल्या बायकांनी तप करू नये असं मी म्हणत नाही. तप करणाऱ्या देहाची ताकद ठाऊक असावी, एवढंच म्हणते.

त्यासाठी आज टिचकी मारायची सोय आहे. हाडांची घनता मोजणारं यंत्र असतं, ‘डेक्सा’ म्हणतात त्याला. वीसेक मिनिटं पडून राहायचं, टोचणं नाही, दुखणं नाही. निरोगी तरुण हाडाशी तुलना करून तो एक आकडा देतो. उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर हाड ठिसूळ झालं असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं ही रेघ १९९४ मध्ये ठरवली. पासष्टीनंतर, आणि पाळी लवकर गेली असेल, आधी एखादं हाड मोडलं असेल किंवा आईचा खुबा मोडला असेल तर त्याआधीही, डॉक्टर ही तपासणी सुचवतात. आकडा वाईट आला तर औषधं आहेत, आहार आहे, चालणं आहे.

पर्युषणात आपल्या महिला मंडळांत रक्तातल्या साखरेची तपासणी ठेवतात, डोळ्यांची ठेवतात. पुढच्या वेळी हाडांची ठेवा, असं मी मंडळाच्या बैठकीत सुचवलं. एक काकू म्हणाल्या, “अगं, मी अजून दोन हंडे पाणी एका खेपेत आणते, मला काय धाड भरलीय?” मी म्हटलं, “काकू, मडकं घेताना मात्र वाजवून घेता ना?” त्या हसल्या आणि यादीत पहिलं नाव त्यांनीच लिहिलं.